बारीक अंगातली साखर

वैद्यकीय संशोधनाच्या जगात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय नावाचा आकडा दोघांचा अगदी सारखा, २२.३. वजनकाट्याच्या हिशेबाने दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने ही जोडी छापली आणि दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘वाय-वाय विरोधाभास’ असे नाव पडले.

हा विरोधाभास पाहायला पिरंगुटकरांना लंडनपर्यंत जावे लागत नाही. गेल्या काही दशकांत इथल्या भातखाचरांच्या जागी कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. ज्या घरातल्या आजोबांनी जन्मभर नांगर धरला, त्या घरातला नातू आठ तास यंत्रापुढे उभा राहतो आणि दुचाकीवरून घरी येतो. हातपाय काटकुळे, पोट तेवढे थोडे पुढे, आणि पस्तिशीतच साखरेची गोळी सुरू! ‘मधुमेह हा खात्यापित्या घरचा रोग’ ही जुनी समजूत अशा वेळी उपयोगी पडत नाही. मग बारीक अंगात साखर येते कुठून?

या प्रश्नाचा माग काढताना माझ्या वाचनात दोन संशोधने आली, एक कोरियातले आणि एक आपल्याच पुणे जिल्ह्यातले. मी कोणत्याही विद्यापीठाची नाही; छापील शोधनिबंध मिळवून वाचणे एवढीच माझी साधना. पण ही दोन्ही कामे शेजारी ठेवून वाचली की एकाने अर्धवट सोडलेले वाक्य दुसरा पूर्ण करतो, असे मला वाटते.

आधी कोरिया. किती लोकांना मधुमेह आहे हे एका पाहणीत कळते. तो का झाला हे कळायचे तर निरोगी माणसे निवडून वर्षानुवर्षे त्याच माणसांकडे परत परत जावे लागते. कोरियाच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने २००१ साली हे काम हाती घेतले. सोलजवळच्या ग्योंगी प्रांतातली दोन ठिकाणे निवडली. आन्सान हे कारखान्यांसाठी वसवलेले शहर, आणि आन्सोंग हा शेतीचा मुलूख. दोन्हीकडची मिळून ४० ते ६९ वयाची १०,०३० माणसे घेतली आणि दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी सुरू केली. ही माणसे साधारण १९३२ ते १९६१ या काळात जन्मलेली. म्हणजे जपानी अंमल, १९५० ते १९५३ चे युद्ध आणि त्यानंतरची टंचाई यांत बालपण गेलेली, आणि सुबत्तेत म्हातारी होत असलेली पिढी.

त्यांच्यातल्या ज्या ४,१०६ जणांची साखर सुरुवातीला अगदी व्यवस्थित होती, त्यांचा १० वर्षांचा हिशेब २०१६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १२ टक्के लोकांना या काळात मधुमेह झाला. वय वाढते तसे शरीर इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही, हे बहुतेकांच्या बाबतीत घडते. ज्यांचे स्वादुपिंड अशा वेळी जादा इन्सुलिन तयार करून भरपाई करू शकले, ते तरले. ज्यांना मधुमेह झाला, त्यांच्या स्वादुपिंडाची ताकद साखर वाढण्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच तपासणीत कमी होती. बैल मुळातच अशक्त असेल तर चढ लागताच गाडी थांबते, तसे हे.

पण बैल अशक्त का, हे आन्सान-आन्सोंगची माणसे सांगू शकत नाहीत, कारण मोजणी सुरू झाली तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली होती. त्या उत्तरासाठी फार मागे, जन्माच्याही आधी जावे लागते. पुण्याचे काम तिथूनच सुरू झाले.

१९९३ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यापासून ४०-५० किलोमीटरवरची सहा खेडी निवडली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल यांचे सहकार्य होते. कमी वजनाने जन्मलेल्या मुलांना मोठेपणी हृदयविकार आणि मधुमेह अधिक होतात, असे बार्कर यांचे म्हणणे होते. खेड्यांतल्या लग्न झालेल्या, पण अजून दिवस न गेलेल्या बायकांची उंची, वजन आणि आहार यांची नोंद झाली. पुढे त्यांना दिवस गेले की तपासण्या झाल्या. या आयांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि गरोदरपणापूर्वीचे वजन ४२ किलोच्या आत होते. घरचे, शेतातले, पाणी भरण्याचे काम करून त्या दिवसाला सुमारे १,७७० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने खात होत्या. त्यांच्या मुलांचे जन्माचे सरासरी वजन भरले २.७ किलो.

साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. पुण्याची बाळे त्यांच्यापेक्षा सगळ्या बाजूंनी लहान निघाली. स्नायू कमी, पोटाचा घेर फारच कमी. पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वजनाने हलके, पण चरबी राखून असलेले हे बाळ ‘थिन-फॅट’ म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले. याज्ञिकांच्या छायाचित्रात जे प्रौढ वयात दिसते, ते जन्माच्या दिवशीच दिसत होते.

आहाराच्या नोंदी आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी तपासल्या. आई एकूण किती कॅलरी खाते याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो दूध, पालेभाज्या आणि फळे यांच्याशी. पुढे रक्ताचे जुने नमुने तपासले तेव्हा सुमारे दोनतृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ कुणातच नव्हती. ज्या आयांचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनचा विरोध सर्वांत जास्त दिसला. बी-१२ दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. भाजीभाकरीत ते नसते. आणि घरातले दूध आधी डेअरीला, मग चहाला, मग मुलाला जाते. सुनेच्या वाट्याला काय उरते, हे मी सांगायला नको.

ही मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासणी झाली. जवळजवळ निम्मी मुले कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातली साखर प्रमाणाबाहेर होती; बहुतेक सारे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्यांच्यातही इन्सुलिनची भरपाई करण्याची ताकद कमी होती, आणि उपाशीपोटीची साखर बालपणापासूनच जरा वर होती. आन्सान-आन्सोंगला चाळिशीत दिसलेला अशक्त बैल पुण्याच्या खेड्यांत वासरू असतानाच ओळखू आला.

नाते दिसले म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. त्यासाठी प्रयोग लागतो. २०१२ पासून याच मुलामुलींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ‘सारस’ नावाचा दुसरा प्रयोग झाला. त्यात बायकांना दिवस जाण्यापूर्वीपासून पालेभाज्या, दूध आणि फळे घातलेला रोजचा खाऊ दिला. सगळ्यांचा सरसकट हिशेब केला तर बाळांचे वजन फारसे वाढले नाही. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या निदान तीन महिने आधी खाऊ सुरू केला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमनी भरली. गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला. डोहाळजेवण उत्तमच, पण तोवर बराच उशीर झालेला असतो, असा याचा अर्थ.

कोरियाने पुढे याच वाटेने मागे जाणे पत्करले. २००६ ते २०१० या काळात सोल, चॉनान आणि उल्सान इथल्या १,७५१ गरोदर बायकांची नोंद झाली. त्यांच्या रक्तातले शिसे-पारा आणि मुलांची वाढ यांचा संबंध तपासला जातो. २००८ साली जन्मलेल्या सुमारे २,१५० मुलांच्या घरी दुसरे संशोधक जात राहिले. त्यांच्या वहीत मुलाचे वजन आहे, तशी त्याची भाषा, शाळा, आईची नोकरी आणि बापाचा संगोपनातला वाटाही आहे. आरोग्य, शिक्षण आणि कुटुंब हे एकाच आयुष्याचे भाग आहेत, हे त्या देशाने वहीत मांडून ठेवले.

त्या देशाच्या शरीरात बदलही झाला. १८९६ साली जन्मलेल्या कोरियन बाईपेक्षा १९९६ साली जन्मलेली बाई सरासरी २० सेंटिमीटरनी उंच झाली. एका शतकात एवढी वाढ दुसऱ्या कोणत्याही देशातल्या बायकांत नोंदलेली नाही. अर्थात मोजमापाने सगळेच सुटते असे नाही. त्याच कोरियात २०२३ साली दर बाईमागे मुलांचे प्रमाण ०.७२ इतके खाली आले होते. वही प्रश्न दाखवते. उत्तर समाजाला द्यावे लागते.

पिरंगुटमध्ये आन्सान आणि आन्सोंग एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना नांदतात. आपल्याकडेही नोंदी होतात. अंगणवाडीत वजन होते, शाळेत उंची होते, गरोदर बाईला माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. पण मूल शाळेत गेले की अंगणवाडीची वही आणि मुलगी सासरी गेली की शाळेची वही बंद होते. हे कागद घराने जपले तर पंचवीस वर्षांनी डॉक्टरांना रुग्णाची खरी गोष्ट वाचता येईल. जन्मवजन लिहिलेले कार्ड सोन्याच्या पावतीसारखे कपाटात ठेवावे. आणि दहावीत शिकणाऱ्या मुलीच्या ताटात भाकरीबरोबर पालेभाजी, दूध किंवा अंडे आहे की नाही, हे तिला स्थळे यायला लागण्यापूर्वी पाहावे. तिच्या मुलाच्या साखरेचा हिशेब त्या ताटात सुरू झालेला आहे.