जुन्या ब्रिटिश मोटारसायकलीचे मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर

मोटारसायकलीच्या मागच्या चाकापाशी, दोन्ही बाजूंना, एकेक नळी उभी असते आणि तिच्याभोवती स्प्रिंग गुंडाळलेली असते. ह्या दोन नळ्यांवर व्याख्यानमालेने वेळ खर्च करावा काय, असे म्हणून कोणी नाक मुरडील. परंतु १९५० ते १९७० ह्या काळातील ट्रायम्फ, बी.एस.ए., नॉर्टन किंवा वेलोसेट गाडी जपून ठेवणारे, आणि नुसती जपून न ठेवता रस्त्यावर चालवणारे लोक आजही इंग्लंडात पुष्कळ आहेत, आणि इतरत्रही आहेत. त्यांच्या गाडीच्या मूळ नळ्या केव्हाच थकलेल्या असतात. नव्या घेताना निवड चुकली, तर ताशी साठ मैलांच्या वेगाने वळण घेताना गाडीचे शेपूट माशासारखे हलू लागते. अशा वेळी मागच्या बैठकीवर कोणी बसलेले असेल, तर त्याचाही जीव ह्या दोन नळ्यांच्या हवाली केलेला असतो.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषणारा. आपल्याकडच्या गॅरेजांत त्यालाच ‘शॉकअप’ म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे, कारण त्या एका वस्तूत दोन अगदी निराळे नोकर कामाला असतात. पहिला नोकर स्प्रिंग. ती वजन पेलते आणि खड्डा आला की दबते. पण दबलेली स्प्रिंग स्वस्थ बसत नाही. झोपाळ्याला झोका द्यावा तशी ती वरखाली होतच राहते. तिला आवरण्याचे काम दुसऱ्या नोकराचे. नळीत तेल असते, तेलात दट्ट्या असतो, आणि दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेलाला जोराने जावे लागते. त्या घासाघाशीत स्प्रिंगची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावरून लांबची फेरी करून आल्यावर नळीला हात लावून पाहावा; ती कोमट लागते, ती ह्यामुळेच. वजन स्प्रिंगचे आणि आवर तेलाचा, ही वाटणी ज्याच्या ध्यानात राहिली त्याला दुकानदार सहसा फसवू शकत नाही.

थोडा इतिहास सांगितला पाहिजे. फार वर्षे बहुतेक ब्रिटिश गाड्यांची मागची बाजू ताठ असे. चाक थेट फ्रेमला आणि धक्का थेट पाठीच्या कण्याला. व्हिन्सेंट कंपनीने १९२८ पासूनच मागे स्प्रिंगा बसवल्या होत्या, पण तिचे अनुकरण फारसे झाले नाही. रेडिचच्या रॉयल एनफील्डने १९४९ च्या बुलेटला झुलत्या दांड्यावर चाक आणि दोन्ही बाजूंना तेलाच्या नळ्या दिल्या. हीच बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली आणि आपल्या ओळखीची झाली. बेलफास्टच्या मॅक्कॅन्डलेस बंधूंनी आखलेली नॉर्टनची फ्रेम १९५० साली आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत उतरली, आणि जेफ ड्यूकने तिच्यावर सीनियर टी.टी. जिंकली. हॅरॉल्ड डॅनिएल ह्या शर्यतपटूने तिला पिसांच्या गादीची उपमा दिली आणि ‘फेदरबेड’ हे नाव तिला कायमचे चिकटले. त्यानंतर पाच-सहा वर्षांत बी.एस.ए. आणि ट्रायम्फ ह्यांनाही त्याच वाटेने जावे लागले. ह्यांतल्या बहुतेकांच्या नळ्या गर्लिंग कंपनीच्या असत. म्हणून आज बदली नळ्या निवडणे म्हणजे बहुधा गर्लिंगची जागा कोणाला द्यावी हे ठरवणे होय.

पण नवे घेण्याआधी जुन्यांवरचा आरोप तरी खरा आहे काय, हे पाहावे. गाडी वळणावर डुलते ह्या तक्रारीत गुन्हेगार पुष्कळदा दुसराच असतो. झुलता दांडा ज्या बुशांवर फिरतो ते झिजले असतील, तर तेथला केसभर ढिलेपणा चाकापाशी कितीतरी पटींनी मोठा होतो. गाडी मुख्य स्टँडवर लावावी, मागचे चाक धरून डावीउजवीकडे हलवावे. खटखट जाणवली तर आधी बुश बदलावेत. ट्रायम्फच्या १९६३ पूर्वीच्या साडेसहाशे सीसी गाड्यांत ह्या दांड्याच्या खिळीला बाजूंनी पुरेसा आधारच नव्हता. १९६३ च्या नव्या फ्रेममध्ये तो देण्यात आला. आधीच्या गाडीचा मूळचा दोष कितीही महाग नळी घेतली तरी जाणार नाही. टायरमधली हवा आणि पुढच्या हँडलाचे बेअरिंग हेही त्याच बैठकीत तपासून टाकावे. मग गाडीची शेपटी हाताने दाबून सोडावी. ती एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीन वेळा नाचली किंवा नळीच्या दांड्यावर तेल दिसले, तर निकाल लागला.

आता निवड. सर्वांत आधी लांबी पाहावी, आणि येथेच लोक सर्वांत जास्त हयगय करतात. लांबी मोजायची ती वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत, चाक अधांतरी असताना, नळी पूर्ण ताणलेली असताना. ट्रायम्फ बॉनेव्हिलसारख्या गाडीत हे अंतर तेरा इंचांच्या जरासे आत असते. गाडीवर सध्या बसलेली नळी मोजून तेवढ्यावर विसंबू नये, कारण मधल्या एखाद्या मालकाने हाताला लागली ती बसवलेली असू शकते. कारखान्याच्या पुस्तकाशी ताडून पाहावे. एखादा इंच अधिक झाला तर काय बिघडते? गाडीच्या दोन चाकांच्या आसांत साधारण पंचावन्न इंचांचे अंतर असते. मागची बाजू एक इंच उचलली की सबंध गाडी सुमारे एका अंशाने पुढे कलते, पुढचा फोर्क तेवढा उभा होतो आणि हँडल चंचल होते. लांबी कमी केली तर उलट प्रकार होतो: हँडल जड होते, वळणात खालचे भाग रस्त्याला लवकर घासतात आणि चाक मडगार्डला जाऊन भिडण्याचा संभव असतो.

चेनचाही विचार करावा लागतो. गिअरबॉक्सचे स्प्रॉकेट आणि दांड्याची खीळ एकाच जागी नसल्यामुळे चाक वरखाली होताना चेन ढिली-घट्ट होत राहते. स्प्रॉकेट, खीळ आणि चाकाचा आस हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा ती सर्वांत घट्ट असते. म्हणून आम्ही असे सुचवू की, नव्या नळ्यांच्या स्प्रिंगा काढून नुसत्या नळ्या बसवाव्यात आणि चाक हाताने अगदी वरपासून अगदी खालपर्यंत फिरवावे. चेन कोठे ताणते, टायर कोठे घासतो, हे डोळ्यांना दिसते. अर्ध्या तासाचे काम आहे, पण शंभरांतील नव्वद लोक ते करीत नाहीत.

लांबीनंतर स्प्रिंग. तिचा कणखरपणा ब्रिटिश पद्धतीत पौंड-दर-इंच असा सांगतात, म्हणजे एक इंच दाबायला किती पौंड लागतात तो आकडा. ह्या गाड्यांत तो बहुधा शंभर ते दीडशेच्या दरम्यान असतो. ऐंशी किलोचा चालक बसला तर त्यातले पन्नासएक किलो मागच्या चाकावर येतात, म्हणजे दर नळीवर पंचवीस किलो, म्हणजेच पंचावन्न पौंड. ११० ची स्प्रिंग त्याने अर्धा इंच दबेल. मागे साठ किलोची व्यक्ती बसली, तर तिचे जवळजवळ सगळे वजन मागेच येते आणि स्प्रिंग आणखी सहा-दशांश इंच खाली जाते. गाडीचे स्वतःचे वजन निराळेच. नळीचा एकूण प्रवास अडीच-तीन इंचांचा. तेव्हा खड्ड्यासाठी उरले किती, ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. एकट्याने बसून प्रवासाचा चौथा ते तिसरा हिस्सा खर्ची पडावा, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. एकटा फिरणारा सडपातळ मनुष्य आणि पत्नीसह सामान घेऊन निघणारा गृहस्थ ह्यांना एकच स्प्रिंग देणारा दुकानदार हा दोन निराळ्या रोग्यांना एकच पुडी देणाऱ्या वैद्यासारखा समजावा.

नळीच्या खालच्या बाजूस तीन पायऱ्यांची एक कडी असते; आकडीच्या पान्याने ती फिरवता येते. ती फिरवली की स्प्रिंग कडक होते अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती खरी नाही. कडी फिरवल्याने स्प्रिंगचे बूड वर सरकते आणि गाडीची शेपटी उचलली जाते; इंचाला लागणारे पौंड तेवढेच राहतात. कणखरपणा ठरतो तो तारेच्या जाडीवर आणि वेढ्यांच्या संख्येवर. जाडीचा परिणाम तर विलक्षण आहे: वेढे आणि घेर तेच ठेवून सात मिलिमीटरऐवजी आठ मिलिमीटरची तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे एक पूर्णांक सात-दशांशपट कडक होते. आणखी एक गंमत अशी की, स्प्रिंग मऊ व्हावी म्हणून कोणी तिचा एक वेढा कापून टाकला, तर ती मऊ न होता उलट कडक होते. कधी एकटे, कधी दोघे अशी सवारी असेल, तर एका टोकाला दाट वेढे असलेली स्प्रिंग घ्यावी; दाट वेढे आधी मिटतात आणि ओझे वाढले की ती आपोआप ताठर होते.

तेलाच्या आवराविषयी एवढेच सांगतो की, तो खाली दबताना कमी आणि वर येताना अधिक असावा लागतो. दबताना स्प्रिंग स्वतःच विरोध करीत असते. परतताना मात्र ती साठवलेली शक्ती घेऊन उसळते. पण हा परतीचा आवर फाजील झाला, तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाकाला पूर्ववत खाली यायला सवडच मिळत नाही. शेपटी प्रत्येक खड्ड्यागणिक बसत जाते आणि शेवटी ठोका लागतो. चालकाला वाटते स्प्रिंग मऊ आहे, आणि तो आणखी कडक स्प्रिंग आणतो.

बाजारात आज तीन तऱ्हेचा माल दिसतो. जुन्या डब्यात न वापरता राहिलेले गर्लिंग प्रदर्शनात ठेवायच्या गाडीला शोभतात. दशकानुदशके पडून सुकलेल्या रबरी सीलांवर आम्ही तरी कोणाला ताशी साठ मैलांनी बसवणार नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे दिसायला हुबेहूब गर्लिंग, पण आत काय आहे ते न सांगणाऱ्या स्वस्त नकला. तिसरी तऱ्हा नव्याने, जबाबदारीने बनवलेल्या नळ्यांची. इंग्लंडातील हॅगन आणि ऑस्ट्रेलियातील इकॉन ह्या त्यांपैकी ठळक. इकॉनचे घराणे हॉलंडच्या कोनीपर्यंत जाते. अशा कारखान्यांकडे नुसते गाडीचे नाव न कळवता चालकाचे वजन, मागे कोणी बसते की नाही आणि सामान किती, हे सांगावे, म्हणजे त्याप्रमाणे स्प्रिंग मिळते. ज्याला परीक्षकांपुढे गाडी उभी करायची हौस आहे, त्याने मूळच्या पत्र्याच्या टोप्या नव्या नळ्यांवर बसतात काय, तेही विचारून घ्यावे.

दोन्ही नळ्या एकदमच बदलाव्यात. एक जुनी, एक नवी ही जोडी दांड्याला पिळत राहते. डोळ्यांतील रबरी बुशांचे बोल्ट चाक अधांतरी असताना पुरते आवळू नयेत. गाडी जमिनीवर घेऊन, वर माणूस बसवून मग आवळावेत, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पहिल्या शंभर मैलांनंतर पाना पुन्हा एकदा लावावा आणि नळीचा दांडा स्वच्छ फडक्याने पुसून पाहावा. फडक्याला तेलाचा थर लागला, तर पावती शोधून ठेवावी.