इसारपावतीतील अटी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. आज शहरात घर बांधणारे थोडे आणि तयार घर विकत घेणारे फार. जन्मभराची पुंजी ज्या व्यवहारात घालायची, त्यात भावासाठी आपण आठ-आठ दिवस घासाघीस करतो. पण पैसे कोणत्या अटींवर द्यायचे, याचा विचार मात्र इसार देऊन झाल्यावर करतो. हा क्रम उलटा कसा, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

व्यवहाराच्या पायऱ्या सर्वांना ठाऊक आहेत : बोलणी, इसारपावती, साठेखत आणि शेवटी नोंदलेले खरेदीखत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ असे सांगते की, विक्रीच्या नुसत्या कराराने घेणाऱ्यास त्या मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही. म्हणजे इसार दिला तरी घर आपले झालेले नसते. हाती असतो तो करार, आणि त्यात जे लिहिलेले असेल तेवढेच आपले बळ. ‘तसे बोलणे झाले होते’ या म्हणण्याला न्यायालयात फारशी किंमत नाही.

मग अटी कोणत्या घालाव्या? पहिली, मालकी निर्वेध असल्याची. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यावा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, आणि दोष निघाल्यास इसार परत मिळावा. दुसरी, सर्व हक्कदारांच्या सह्यांची. वडिलोपार्जित वाडा असेल तर भावांबरोबर बहिणींकडेही पाहिले पाहिजे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. तिसरी, रिकाम्या ताब्याची. आत भाडेकरू असेल तर मालक बदलला म्हणून तो निघून जात नाही. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्याला नव्या मालकाविरुद्धही असते. चौथी, कर्जाची. बँकेने कर्ज नाकारले तर काय, याचे उत्तर इसारपावतीत नसेल, तर ते पुढे भांडणात शोधावे लागते.

येथे कोणी म्हणेल, मग दहा-वीस अटी घालून मोकळे व्हावे! पण विकणाराही माणूसच आहे. त्याला भावाइतकीच खात्री हवी असते. समजा, एकाने साठ लाख देऊ केले आणि सोबत आठ अटी घातल्या. दुसऱ्याने एकोणसाठ लाख सांगितले, पण दोनच अटी घातल्या आणि दीड महिन्यात खरेदीखत करण्याची तयारी दाखविली. शहाणा विकणारा पुष्कळदा दुसऱ्याकडे वळेल. प्रत्येक अट ही विकणाऱ्याच्या दृष्टीने भावातील सूटच असते. म्हणून जिच्यावाचून आपले खरे नुकसान होईल तीच अट धरावी. पंखे आणि कपाटे यांच्यापायी मालकीची अट सोडू नये.

अट घालणे सोपे, लिहिणे अवघड. ‘कर्ज मिळाल्यास व्यवहार पुरा होईल’ ही अट दुबळी आहे. किती कर्ज, किती दिवसांत, आणि न मिळाल्यास पैशाचे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे तीत नाहीत. ‘आजपासून पंचेचाळीस दिवसांत चाळीस लाखांचे कर्ज मंजूर न झाल्यास, बँकेचे नकारपत्र दाखविताच सात दिवसांत संपूर्ण इसार परत करावा’ असे लिहिले म्हणजे दोघांनाही आपली जागा कळते. मुदत जशी घेणाऱ्याला आधार देते, तशीच विकणाऱ्याचीही अनिश्चितपणातून सुटका करते.

रक्कम बुडण्याविषयी १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दिल्लीतील १,१२,५०० रुपयांच्या त्या व्यवहारात घेणाऱ्याने १,००० रुपये इसार म्हणून आणि पुढे २४,००० रुपये दिले होते. करार मोडल्यास सारेच पंचवीस हजार जप्त व्हावेत, अशी अट होती. न्यायालयाने इसाराचे हजार जप्त होऊ दिले. बाकीची रक्कम मात्र केवळ अट आहे म्हणून जप्त करू दिली नाही, कारण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मिळते ती वाजवी भरपाई. तात्पर्य, कोणती रक्कम इसार आणि कोणती किमतीचा हप्ता, हे स्पष्ट लिहावे व इसार बेताचाच ठेवावा.

आणखी एक खाचखळगा आहे. त्याच कायद्याच्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती बिनशर्त असावी लागते. विकणाऱ्याने देऊ केलेला भाव ‘मान्य, पण रंगकाम करून द्या’ असे आपण उत्तर दिले, तर ती स्वीकृती होत नाही. तो आपला नवा प्रस्ताव ठरतो, आणि विकणारा दुसऱ्याशी बोलणी करावयास मोकळा होतो. ‘रंगकाम करून द्याल का?’ अशी नुसती विचारणा मात्र वेगळी. म्हणून अटी आरंभीच, भावाबरोबरच मांडाव्या.

अट म्हणजे अविश्वास नव्हे. ज्या गोष्टीवरून उद्या भांडण होईल, ती आज दोघांच्या संमतीने कागदावर घेणे म्हणजे अट. साध्या व रास्त अटीलाही जो विकणारा बिचकतो, त्याने न बोलता पुष्कळ काही सांगितलेले असते. ते इसार देण्यापूर्वी ऐकू आले, तर तो व्यवहार मोडला तरी आपण वाचलो असे समजावे.