पैसा की करंडक?

सादियो माने 2023 मध्ये बायर्न म्युनिक सोडून सौदी अरबच्या अल-नस्र क्लबात गेला. मोहम्मद सलाहने 2025 मध्ये लिव्हरपूलशीच करार वाढवला आणि त्याच हंगामात संघाने प्रीमियर लीग जिंकली. एक पैशामागे गेला, दुसरा करंडकामागे, असा निवाडा आपली मुले चटकन देतात.

पण फुटबॉलपटूची कमाई पस्तिशीच्या आसपास आटते. दुखापत झाली तर त्याआधीच. हलाल मेहनतीचा चांगला मोबदला मागण्यात गैर काय? माने लहान असताना त्याचे वडील वारले, तेव्हा सेनेगलमधल्या त्याच्या बांबाली गावात दवाखाना नव्हता. पुढे त्याने तिथे शाळा आणि दवाखाना उभा केला, तो फुटबॉलच्या पैशातूनच.

म्हणून घरच्यांची गरज भागेपर्यंत पैसा आधी पाहावा. ती भागल्यावर मात्र वाढीव रकमेने आयुष्य फारसे बदलत नाही, आणि भरात असताना जिंकण्याची हुकलेली संधी परत मिळत नाही. तेव्हा चांगला संघ निवडावा. सलाहला तर लिव्हरपूलमध्येही पगार काही कमी नव्हता.

मुलांना एवढे जरूर सांगा: करार कुठलाही असो, सही केल्यावर जीव ओतून खेळणे ही अमानत आहे.