चौकट : होर्डिंगला परवानगी कोणाची?

मुंबईत जाहिरात फलकाला पालिका आयुक्तांची लेखी परवानगी लागते (अधिनियम १८८८, कलम ३२८ व ३२८-अ). राज्यातील इतर महानगरपालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमात कलम २४४ व २४५.

घाटकोपरच्या छेडानगरात १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळून १७ बळी घेणारा फलक सुमारे १२० बाय १२० फुटांचा होता. पालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४०. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, पालिकेची परवानगी नाही. पुण्यात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी चौघांचा जीव घेणारा फलकाचा सांगाडा रेल्वेच्या जागेतला. रेल्वेच्या जमिनीवर पालिकेचा अधिकार चालत नाही, हा आक्षेप मालकीपुरता रास्त आहे. पण सांगाडा हद्द पाहून पडत नाही, पुण्यात तो थेट भर रस्त्यातल्या रिक्षा-गाड्यांवर आला. म्हणून आकार, पाया आणि वाऱ्याचा दाब यांची तपासणी, जागा कोणाचीही असो, पालिकेकडेच हवी. परवानगी असलेले फलकही पडतात, हे खरे. मात्र तिथे स्थैर्य प्रमाणपत्र कोणी दिले आणि कोणी स्वीकारले, हे कागदावर सापडते.