वैद्यकीय प्रतिमांमागील गणित : पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक संशोधनक्षेत्र

प्रस्तावना :
पिंपळगाव बसवंतसारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयात 'या समीकरणांचा उपयोग काय?' असा प्रश्न गणिताचे विद्यार्थी नेहमी विचारतात. सी. टी. स्कॅन हे त्याचे समर्पक उत्तर होय. हे यंत्र शरीराच्या अंतर्भागाचे थेट छायाचित्र काढत नाही. ते मोजमापे घेते आणि त्यांवरून प्रतिमा गणिताने सिद्ध होते. ही प्रक्रिया प्रस्तुत लेखात थोडक्यात स्पष्ट केली आहे.

मूळ प्रश्न :
क्ष-किरण शरीरातून जाताना अंशतः शोषले जातात. बाहेर पडलेल्या किरणांच्या तीव्रतेवरून मार्गातील एकूण शोषण कळते. ते कोठे व किती झाले हे कळत नाही. उदाहरणार्थ, चार घरांचा चौकोन घेऊ. वरच्या ओळीची बेरीज ४, खालच्या ओळीची ६ व प्रत्येक स्तंभाची ५ आहे. वर ३, १ व खाली २, ४ हे उत्तर जुळते. वर २, २ व खाली ३, ३ हेही जुळते. वरच्या डाव्या घरापासून खालच्या उजव्या घरापर्यंतच्या कर्णाची बेरीज ७ आहे असे कळताच पहिले उत्तर निश्चित होते. म्हणजेच पुरेशा दिशांनी मोजमापे घेतली नाहीत, तर गाठ असलेला व नसलेला असे दोन्ही रुग्ण त्याच आकड्यांत बसू शकतात.

विकास :
सर्व दिशांच्या रेषीय संकलांवरून मूळ फलन मिळवण्याचे सूत्र योहान राडॉन यांनी १९१७ मध्ये मांडले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. त्या यंत्रात १८० कोनांतून प्रत्येकी १६०, म्हणजे २८,८०० मोजमापांवरून ८० × ८० घरांची प्रतिमा तयार होई. त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय संशोधकांनी फूरिए रूपांतराऐवजी कॉन्व्होल्यूशन वापरणारी सुलभ रीत प्रसिद्ध केली. मोजमापे जशीच्या तशी उलट पसरविल्यास प्रतिमा धूसर होते. म्हणून ती आधी गाळून घ्यावी लागतात. ही गाळणी आजही 'राम-लॅक फिल्टर' म्हणून ओळखली जाते. सी. टी. स्कॅनच्या विकासासाठी कॉरमॅक व हाउन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मर्यादा व संशोधनाची दिशा :
या गाळणीमुळे तपशील उठावदार होतात, तसेच मोजमापांतील चुकाही वाढतात. किरणांची मात्रा कमी केल्यास रुग्णाचा धोका घटतो, पण या चुका अधिक जाणवतात. प्रतिमेतील ठिपका रुग्णाच्या शरीरातला की गणनेतला, हा प्रश्न तेथे निर्णायक ठरतो. कमी मात्रेत विश्वसनीय प्रतिमा मिळवणे हा आजचा संशोधनविषय आहे.

समारोप :
रेषीय बीजगणित, फूरिए विश्लेषण, संभाव्यताशास्त्र व संगणक आज्ञावली ही या क्षेत्राची पूर्वतयारी होय. आरंभ करण्यास महागडे यंत्र लागत नाही. शेप व लोगन यांनी १९७४ मध्ये सुचवलेली मस्तकाची कृत्रिम प्रतिमा घेऊन साध्या संगणकावरही प्रयोग करता येतात. चार घरांचे कोडे सोडवणाऱ्या विद्यार्थ्याने या क्षेत्रातील पहिले पाऊल टाकलेलेच असते.