हृदयरुग्णांसाठी फ्लूची लस

हृदयविकार म्हटला की रक्तदाब, मधुमेह, बिडी आणि खर्रा ही कारणे सर्वांना आठवतात. फ्लूला मात्र कोणी त्यांत धरत नाही. ‘चार दिवसांचा ताप’ म्हणून तो अंगावर काढला जातो. हृदयरुग्णाच्या बाबतीत हे धोक्याचे ठरू शकते, याकडे आम्ही रुग्णांच्या नातेवाइकांचे लक्ष वेधू इच्छितो.

फ्लूच्या विषाणूशी झुंजताना शरीरात दाह वाढतो, नाडी जलद चालते व रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. रक्तवाहिनीत साचलेला चरबीचा थर अशा वेळी फाटून तेथे गुठळी झाल्यास हृदयविकाराचा झटका येतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लू झाल्यानंतरच्या सात दिवसांत झटक्याचे प्रमाण एरवीपेक्षा सुमारे सहापट आढळले.

यावर लसीचा उपयोग होतो. बांगलादेशासह आठ देशांत अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. यातील बहुतेकांना नुकताच झटका येऊन गेला होता. लस न मिळालेल्यांपैकी ४.९ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले. लस मिळालेल्यांत हे प्रमाण २.९ टक्के होते.

१९१८ ची मानमोडी आणि २००९ ची स्वाइन फ्लूची साथ याच कुळातील. हा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो आणि लसीनंतर प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून मृग लागण्यापूर्वीच, मे महिन्यात, ती घेणे हिताचे. टोचण्याच्या लसीतील विषाणू मृत असल्याने तिच्यामुळे फ्लू होत नाही. हात दुखणे किंवा किंचित कणकण एवढाच त्रास बहुधा होतो. पूर्वी एखाद्या लसीची तीव्र ॲलर्जी झाली असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. लस घेतली म्हणून नेहमीच्या गोळ्या बंद करू नयेत आणि तंबाखूला मोकळीक मिळाली असेही समजू नये.

पातूरच्या रुग्णाला झटका आला तर पुढील उपचारांसाठी अकोला गाठेपर्यंतचा वेळ मोलाचा असतो. तो प्रसंग टाळणे हेच खरे उपचार. ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नसल्याने अनेक गरीब कुटुंबे तिच्यापासून वंचित राहतात. एका हृदयरुग्णाच्या वार्षिक लसीचा भार उचलणे हेही मोठे दान आहे, याचा देणगीदारांनी विचार करावा, ही नम्र विनंती.