एका झाडावर अनेक फळे

मागील हिवाळ्यात एका शाळेस भेट दिली असता मुलांनी मला मोठ्या उत्साहाने आवारातील संत्र्याच्या झाडापाशी नेले. झाडाच्या एका बाजूस संत्री होती. दुसऱ्या बाजूस जाड, खडबडीत सालीची आंबट फळे लागली होती. “साहेब, झाडाची जात बदलली,” असे मुले सांगू लागली. बुंध्याशी वाकून पाहता ती दुसरी फांदी कलमाच्या सांध्याखालून निघालेली दिसली. फळे जंभेरीची होती. जात बदलली नव्हती; खुंटाचा फुटवा वेळीच काढला गेला नव्हता, एवढेच.

विदर्भात संत्र्याची रोपे बहुधा जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा बांधून तयार करतात. पेन्सिलीएवढ्या जाड खुंटाच्या सालीस जमिनीपासून सुमारे वीतभर उंचीवर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर देतात, तीत निवडक झाडाचा डोळा सरकवतात व पट्टीने घट्ट बांधतात. सालीखालचे वाढते, कोवळे थर परस्परांस मिळाले म्हणजे सांधा जुळतो. सुमारे तीन आठवड्यांनी डोळा हिरवा असून त्याजवळील देठाचा तुकडा बोट लावताच गळला, तर कलम साधले असे समजावे. पुढे खुंटाचा शेंडा छाटतात.

आता मुळे जंभेरीची व माथा संत्र्याचा होतो. मुळे पाणी व क्षार वर पाठवतात, पाने अन्न खाली पाठवतात. तथापि प्रत्येक भाग आपली जात राखतो. याच नियमाने एका झाडाच्या निरनिराळ्या फांद्यांवर मोसंबी, कागदी लिंबू व पपनस यांचे डोळे बांधल्यास प्रत्येक फांदीस आपापले फळ येते. ही झाडे जवळच्या नात्यातील असल्यामुळे हे जमते. आंब्याचा डोळा लिंबावर धरत नाही.

क्वचित सांध्यातूनच दोन्ही जातींचे थर मिळून फांदी फुटते. इटलीतील फ्लॉरेन्स येथे १६४४ साली असे झाड आढळले. त्याच्या एकाच फळात महाळुंग व आंबट नारिंग यांचे भाग शेजारी शेजारी दिसत. तेथेही दोन जाती एकत्र नांदल्या, एकरूप झाल्या नाहीत.

शाळेच्या बागेत हा प्रयोग अवश्य करावा. मात्र डोळा निरोगी झाडाचाच घ्यावा, कारण विषाणुरोग डोळ्याबरोबर सबंध झाडात पसरतात. जोमाने वाढणारी फांदी छाटून इतरांस उजेड द्यावा. सांध्याखालील फुटवे कोवळे असतानाच काढावेत.

ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. संत्र्यास फळ धरण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तेवढ्या काळात दुर्लक्षित फुटवा बळावून संत्र्यास मागे टाकतो, आणि शेतकऱ्यास ते फळे पाहून कळते, तेव्हा वर्षे निघून गेलेली असतात. आपल्या वर्गातील कित्येक मुले बागायतदारांची आहेत. फळ्यावर आकृती काढून न थांबता प्रत्येक मुलास झाडाचा सांधा हाताने चाचपावयास लावावा. तो ओळखता येणारे मूल घरची बाग राखील.